सिरिंजांचं सासर

आमच्या मोठ्या सिस्टरना लग्नाला बोलवायचं म्हणजे जोखीम असे. आहेर रीतसर आणायच्या, जेवायच्याही शिस्तीत. पण स्टेजवर चढल्या की नवऱ्यामुलाशी हात मिळवायच्या ऐवजी त्याचा दंड चिमटीत धरायच्या. कोटाच्या बाहीवरून. दोन बोटांत येईल तेवढं दाबून बघायच्या आणि फोटोग्राफरला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायच्या, "तेवीस नंबर, एक इंच." मग नवरीकडे वळून, "हिला पंचवीससुद्धा चालेल. काही खात नाहीस का गं?" आमच्याच दवाखान्यातल्या एका मुलीच्या लग्नात त्यांनी वराच्या आईला दीड इंचाची सुई ठरवून दिली. त्या बाईंना वाटलं आपलं कौतुक चाललंय. त्यांनी लाजून पदर सारखा केला.

बदलापुरातल्या एका सरकारी दवाखान्याची इंजेक्शन रूम सिस्टरच्या ताब्यात होती. ताब्यात हाच शब्द बरोबर, कारण तिथे डॉक्टरसुद्धा दारावर टकटक करून आत यायचे. मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं, नवीन, हात धू." तेव्हापासून त्या रिटायर होईपर्यंत मी नवीनच राहिले. मधल्या काळात माझं लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, केसांना मेंदी लावायची वेळ आली. माझ्यानंतर कितीतरी जणी आल्या. त्यांना त्यांच्या नावानं हाक जायची आणि मला "ए नवीन".

त्या उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या. घराच्या खालीच जीन्स शिवायचा कारखाना, त्यामुळे सुईचं ज्ञान त्यांना नर्सिंग कॉलेजच्या आधीच मिळालं होतं. "जीन्सची सुई नेटच्या ओढणीला लावून बघ," त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "आणि ओढणीची सुई जीन्सला. एकीला भोक पडेल, दुसरी तुटेल. माणूससुद्धा कापडच आहे, साईं. कुणी जीन्स, कुणी मलमल. आणि आपले डॉक्टरसाहेब अस्तर." साईं हा शब्द त्यांनी शेजारच्या सिंधी मंडळींकडून उचलला होता आणि त्या तो रागात, लाडात, दमात, कशातही वापरायच्या. फक्त एका गोष्टीचा त्यांना कायमचा राग होता. शिलाई मशीनला नंबर वाढला की सुई जाड होते आणि आमच्याकडे नंबर वाढला की बारीक. हा उलटा कारभार ज्यानं सुरू केला तो साहेब भेटला तर त्याला आपण सोळा नंबरनं टोचू, आणि तेही मऊ जागा न बघता, असं त्या प्रत्येक नव्या बॅचला सांगायच्या. आमच्या धंद्यात सोळा नंबर म्हणजे जवळजवळ पाइपच.

पण त्यांची खरी ख्याती होती ती सिरिंजांच्या सासरची.

ट्रेमधल्या सगळ्या सिरिंजांना त्यांनी नाती लावून दिली होती. एक एमएलची ती धाकटी जाऊ: अंगानं बारीक, काम नाजूक, कातडीच्या आत जायचं तर हिलाच पाठवायचं. दोन एमएलची मधली, टीटीसारखी रोजची कामं हिच्याकडे. पाच एमएलची थोरली. ताप, अंगदुखी, कमरेतली इंजेक्शनं, सगळं राबणं तिचं. दहा एमएलच्या सासूबाई. त्या थेट शिरेत जातात. "सासूबाईंनी हळूहळूच बोलायचं असतं," सिस्टर म्हणायच्या, "एकदम बोलल्या तर घर हादरतं." शिरेतलं औषध सावकाश ढकलायचं, हे आम्ही अशा रीतीनं शिकलो, आणि सांगते, अजून विसरलो नाही. इन्सुलिनच्या दोघी नणंदा, एक लाल टोपीची, दुसरी नारिंगी टोपीची. दिसायला धाकटीसारख्या, पण दोघींची मापं वेगळी. एकीच्या बाटलीला दुसरी लावली तर पेशंटच्या साखरेचं काय होईल ते देव जाणे. आणि पन्नास एमएलचे मामंजी. मामंजींना सुईच नसते. नाकातल्या नळीतून पेज पाजायची एवढंच काम, बाकी दिवसभर कपाटात पडून राहायचं.

गंमत अशी की बाईंनी स्वतः लग्न केलेलं नव्हतं. सासरची सगळी माहिती ऐकीव, तीही कारखान्यात काज-बटणं करायला येणाऱ्या बायकांकडून. एकदा मी धीर करून म्हटलं, "सिस्टर, माझी थोरली जाऊ काही काम करत नाही. सगळं राबणं माझ्याकडे आहे." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मग तुझ्या घरात सिरिंज चुकलीय."

परीक्षाही अशीच. सकाळी आम्ही ट्रे लावायला गेलो की मागून आवाज यायचा, "कातडीखालच्या चरबीत जायचंय, माणूस काडीसारखा आहे. कुणाला पाठवशील?" उत्तर द्यायला उशीर झाला की त्या आपल्याच दंडाला चिमटा घेऊन पेशंट असल्यासारख्या विव्हळायच्या. बाहेरच्या रांगेतली माणसं घाबरून घरी गेल्याचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्यांचा एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. गरज नसताना सुई टोचायची नाही. आमच्या भागात हा नियम पाळणं सोपं नाही. लोकांना गोळी दिली की वाटतं डॉक्टरनं टाळलं, आणि सुई दिली तरी ती मोठी हवी, दुखायला हवी, आतलं औषध रंगीत असेल तर फारच चांगलं. बाजारात असे दवाखाने आहेत की तिथे शक्तीचं लाल इंजेक्शन कमरेत घेऊन माणूस लंगडत आणि समाधानानं घरी जातो. आमच्याकडे मात्र कुत्रा चावून आलेल्याला आम्ही द्यायचो ती धाकटी जाऊ. दोन्ही दंडांत, कातडीच्या आत, थेंबभर. नीट गेलं तर तिथे मसुराच्या डाळीएवढा फुगवटा उठतो. सिस्टर वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून बघायच्या आणि उठला की म्हणायच्या, "उगवली." नाही उठला तर ज्यानं टोचलं त्याची धडगत नव्हती, आणि पेशंटला पुन्हा टोचून घ्यावं लागायचं.

त्या वर्षी भात कापणीला आलं होतं, तेव्हा बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून एक शेतकरी आला. पन्नाशीचा, काटक, डाव्या हाताला फडकं बांधलेलं. शेताच्या बांधावर पिसाळल्यासारखं एक कुत्रं हाताला लटकलं होतं, ते सुटता सुटेना. सोबत त्याची बायको होती. सिस्टरनी जखम साबणानं धुतली, जखमेच्या आत आणि भोवती रेबीजचं सीरम भरलं. तेव्हा त्यानं दात आवळले पण हूं की चूं केलं नाही. मग दोन्ही दंडांत धाकटी. ती केव्हा गेली हे त्याला कळलंही नाही. "तीन दिवसांनी परत यायचं," सिस्टरनी बजावलं, "मग पुन्हा, मग महिनाभरात शेवटचं. एकही चुकवायचं नाही." बायकोनं मान हलवली. त्यानं नाही हलवली.

तो आला नाही.

दुसऱ्या दिवशीही आला नाही तेव्हा सिस्टरनी फोन लावला. तो म्हणाला, पहिल्या दिवशी जखमेत मारली तीच खरी सुई होती, ती घेतली. बाकीचं तुमचं आपलं नोंदीपुरतं. शिवाय बाजारात लाल इंजेक्शनही घेतलंय, कमरेत, मोठं. आता भात कापायचंय.

सिस्टरनी फोन ठेवला आणि रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढची रिकामी जागा लाल पेनानं गोल केली. कारण हा रोग असा आहे की लक्षणं दिसली की संपलं. पाण्याला बघून माणूस घाबरायला लागला की जगातल्या कुठल्याही मोठ्या इस्पितळात त्याच्यावर औषध नाही. जे काही करायचं ते त्याआधी, आणि ते सगळं त्या थेंबभर औषधात असतं. हा माणूस ते अर्धवट सोडून विळा घेऊन शेतात उभा होता.

डॉक्टर नवे होते, चांगले होते, घाईत असायचे. ते म्हणाले, "सिस्टर, बोलवून घ्या त्याला. मोठ्या सिरिंजमध्ये पाच एमएल सलाईन भरून कमरेत द्या, वर दंडात आपली लस. तो खूश, आपण खूश."

"आणि उद्या सगळा पाडा येऊन थोरली मागेल," सिस्टर म्हणाल्या. "पाणी टोचू? माझ्या हातानं? साईं, मी दूध विकत नाही."

आणि रविवारी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. त्यांची स्कूटर हा वेगळा विषय आहे. इतकंच सांगते की सुईचा कोन त्यांना पंधरा अंशांत नेमका साधायचा, वळणाचा कधीच साधला नाही. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत धाकटीपासून मामंजींपर्यंत सगळं सासर.

पाड्यावर तो ओट्यावरच बसला होता. आम्हाला बघून उठला, पाणी दिलं, पण चेहरा बंद.

"दादा, तारीख चुकली तुझी," सिस्टर म्हणाल्या.

"आता बरा हाय हात."

"हाताचं कोण बोलतंय? विष हातात बसून राहत नाही. आतल्या आत डोक्याकडे चालत जातं. ते पोचायच्या आधी आपण पोचायचं."

"लाल विंजेक्शन घेतलाय ना. बसता येत नव्हता दोन दिस."

"ते शक्तीचं होतं. शक्ती आली असेल तर चल, बस स्कूटरवर."

आजूबाजूची दोनचार माणसं जमली होती, ती हसली. त्याला राग आला. "बाई, तुमची ती सुई म्हंजे डास चावला का काय तेबी समजला नाय. बैलाला डॉक्टर येतो तो केवढी काढतो! मानसाची किंमत बैलापरास कमी हाय काय?"

"बैल हाकारला की वळतो तरी," सिस्टर म्हणाल्या. हे म्हणायला नको होतं. त्यांनाही ते कळलं, म्हणून त्यांनी घाईघाईनं पिशवी उघडली आणि ओट्यावर सगळं सासर मांडलं. कोण कुठे जातं, कुणाचं काय काम, सासूबाई हळू का बोलतात. आमच्या दवाखान्यात या भाषणावर मुली पोट धरून हसायच्या. इथे कुणी हसेना. त्यानं सरळ मामंजींवर बोट ठेवलं. "ही द्या. मग येतो."

"ही नाकातून पेज पाजायची आहे."

"मंग नको." आणि त्यानं विळा उचलला. मी त्याआधी किंवा नंतर सिस्टरना कधी इतकं हरलेलं पाहिलं नाही. पिशवी उघडी, सिरिंजा ओट्यावर, आणि पेशंट पायऱ्या उतरून चाललेला.

त्याची बायको इतका वेळ दारात उभी होती. तिनं खाली बसून धाकटीचं पाकीट हातात घेतलं, उजेडात धरून बघितलं. "ही कुठंवर जाते?"

"कातडीत. वरच्यावर. मांसापर्यंत नाही."

"खोल का नाय मारीत?"

सिस्टर थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "कातडीत शरीराचे राखणदार जास्त असतात. तिथं थोडंसं औषध पुरतं. खोल द्यायचं तर जास्त लागतं."

बाईनं पाकीट खाली ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली. "ओ! राबात रोपांसाठी भात कसा टाकता?"

तो थांबला. "म्हंजे?"

"खोल पुरता काय?"

"खोल पुरला तर कुजल. वरच्यावर फेकायचा, भुरूभुरू." त्यानं हातानं करूनही दाखवलं. हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं आपल्या दंडाकडे बघितलं, जिथं ते थेंबभर औषध गेलं होतं. पाड्यावरची बाकीची माणसंही त्याच्या दंडाकडे बघायला लागली. शेवटी विळा कुडाला अडकवत तो म्हणाला, "उद्या येतो. सकाळच्या गाडीला."

परतीच्या वाटेवर सिस्टर वाऱ्यावर ओरडून मला म्हणाल्या, "बघितलंस, नवीन, कसा पटवला!" मी म्हटलं, तुम्ही कुठे, त्याच्या बायकोनं पटवला. "तेच ते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर त्यांनी राबाचा दाखला असा दिला की जणू त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती होती आणि खाली जीन्सचा कारखाना नुसता जोडधंदा. डॉक्टर म्हणाले, वा. सिस्टरनी विनयानं मान खाली घातली. मला त्यांचा इतका संताप आला होता की मी कापसाचा डबा जोरात आपटला.

त्याच दिवशी ती दोघं खरंच आली. उशीर झाला होता, पण फार नाही. सिस्टरनी धाकटी काढली, त्याच्या एका दंडात, मग दुसऱ्या. दोन्हीकडे फुगवटा उठला. त्यानं स्वतः मान वळवून बघितला आणि बायकोला म्हणाला, "उगवला." सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याच्या दंडाचा चिमटा घेऊन त्याला आयुष्यभराचा नंबर सांगून टाकला.

मी त्याला पुढची तारीख सांगत होते. बाई दाराशी उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी धरून, एक पाय दुसऱ्याच्या मागे. सगळं आटपल्यावर ती म्हणाली, "बाई, मलाबी द्या ती."

सिस्टर हसल्या. "तुला कशाला? ही खाऊ नाही."

तिनं साडी थोडी वर धरली. पोटरीवर दातांचे वण होते, त्यावर हळद आणि चुना वाळून खपली धरलेली. नवऱ्याच्या हाताला लटकलेलं कुत्रं सोडवायला तिनं त्याला विळ्याच्या मुठीनं मारलं होतं. तेव्हा ते तिच्यावर उलटलं. त्याच दिवशी, त्याच बांधावर. नवरा बघतच राहिला. "काट्यानं खरचटलं म्हनालीस ना?"

"मग काय सांगू? दोघंबी इथं आलो तर गुरं कोन बघल? म्हटला, आधी तुमचा होऊन जाऊ दे."

"अगं पण मला का नाही सांगितलंस?" सिस्टरचा आवाज चढला. "त्या दिवशी तू इथेच उभी होतीस. काल मी तुझ्या ओट्यावर बसले होते!"

बाईनं जरा विचार केला, खरंच आठवून बघितल्यासारखा. "तुमी त्यांचंच इचारलंत," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच ते जास्त लागलं, मला आणि त्याहून सिस्टरना. त्या रागावल्या नाहीत, साईं म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला नळाजवळच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसल्या. गुडघे गेलेले होते त्यांचे, एरवी पडलेला कापूससुद्धा मला उचलायला लावायच्या. तिचा पाय मांडीवर घेऊन त्या साबण लावत राहिल्या, चुना निघेपर्यंत, आणि निघाल्यावरही. नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी सीरम काढलं, सिरिंजा काढल्या, आणि कोणती कशासाठी हे त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही.

दोघांचेही सगळे डोस पूर्ण झाले. पुढच्या प्रत्येक वेळी ती दोघं एकत्र आली, गुरं शेजाऱ्याच्या गळ्यात घालून. दोघंही आज धडधाकट आहेत आणि बाजारात भेटली तर बाई मला ओळख दाखवते.

सिस्टर त्यानंतर रिटायर होईपर्यंत तशाच राहिल्या. तितक्याच भांडखोर, तितक्याच खोटारड्या, राबाचा दाखला शेवटपर्यंत स्वतःचाच. पण कुत्रं चावलेला कुणी आला की त्याचं फडकं सोडायच्या आधी त्या सोबत आलेल्या बाईकडे वळायच्या. आई असो, बायको असो, सून असो. "आणि तुला कुठं चावलंय?" असं थेट विचारायच्या. चावलंय का, असं नाही. कुठं, असं.

आता ती खोली माझ्याकडे आहे आणि मीही तसंच विचारते. बायका दचकतात, हसतात, "मला काय होतंय," म्हणतात. बहुतेकींचं खरंच असतं. पण अधूनमधून एखादी उत्तर देत नाही. ती आधी नवऱ्याकडे बघते, मग माझ्याकडे, आणि मग हळूच साडी घोट्याच्या वर धरते.

मग मी नळ सोडते.